साउथ सेंट्रल फार्म: चौदा एकर, साडेतीनशे कुटुंबं आणि एक कच्चा कागद

हे प्रकरण जगभर गाजलं ते एका अक्रोडाच्या झाडामुळे. १३ जून २००६ च्या पहाटे लॉस एंजेलिसमधल्या साउथ सेंट्रल भागात शेरीफचे शिपाई एका भाजीमळ्यात शिरले, तेव्हा डॅरिल हॅना ही हॉलिवूडची अभिनेत्री त्या झाडावर ठाण मांडून बसली होती. अग्निशमन दलाची शिडी लावून तिला खाली उतरवलं, चाळीसहून अधिक लोकांना अटक झाली आणि संध्याकाळच्या बातम्यांची सोय झाली. तेव्हापासून या मळ्याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण त्या पहाटेपासूनच सुरुवात करतात. एकीकडे गरीब शेतकरी, दुसरीकडे पैसेवाला जमीनमालक, मधे बुलडोझर. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यातून शिकण्यासारखं फारसं हाती लागत नाही, कारण त्या पहाटे ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ठरायचं ते १९९४ च्या एका परवान्यात आणि २००३ च्या एका बंद दाराआडच्या बैठकीत ठरून गेलं होतं.

शहरातल्या सामाईक जागेवर भाजी पिकवू पाहणारे गट बी कुठून आणायचं, पाणी कसं द्यायचं, वाफे किती मोठे ठेवायचे यावर तासन्‌तास बोलतात. जागेचा कागद कुणाच्या नावाचा आणि किती मुदतीचा, हा विषय मात्र ‘ते बघू नंतर’ म्हणून मागे पडतो. या एका मळ्यात ते ‘नंतर’ आलं तेव्हा काय काय झालं, ते नीट बघण्यासारखं आहे.

भट्टीसाठी घेतलेली जमीन

ईस्ट ४१वा रस्ता आणि साउथ अलामेडा रस्ता यांच्या नाक्यावरची ही चौदा एकर जमीन. आजूबाजूला गोदामं, कारखाने, मालगाड्यांचे रूळ. १९८६ मध्ये शहराने ती सक्तीने संपादित केली. जमीनमालक अनेक होते, पण सगळ्यात मोठा तुकडा राल्फ होरोविट्झ हा बांधकाम व्यावसायिक आणि त्याचा भागीदार यांच्या कंपनीचा होता. मोबदला ठरला सुमारे ४८ लाख डॉलर. कारण ‘लॅन्सर’ नावाचा प्रकल्प: रोज १,६०० टन कचरा जाळायचा आणि त्यावर वीज करायची.

भट्टीसाठी नेमकी हीच वस्ती का, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन मंडळाला सेरेल असोसिएट्स या सल्लागार कंपनीने एक अहवाल करून दिला होता. अशा भट्ट्या कुठे उभारल्या तर लोकांचा विरोध कमीत कमी होईल, हाच त्याचा विषय. त्याने काढलेला निष्कर्ष असा की कमी उत्पन्नाच्या, कमी शिकलेल्या लोकांच्या वस्तीत विरोध कमी होतो. इतकं उघड लिहिलेलं सरकारदरबारी क्वचित सापडतं.

साउथ सेंट्रलने तो निष्कर्ष खोटा पाडला. तिथल्या रहिवाशांनी, त्यातही कृष्णवर्णीय बायकांनी पुढे होऊन ‘कन्सर्न्ड सिटिझन्स ऑफ साउथ सेंट्रल लॉस एंजेलिस’ ही संघटना उभी केली आणि कचरा जाळल्यावर निघणाऱ्या डायॉक्सिन या विषाचा, राखेचा, शेजारच्या शाळेचा प्रश्न लावून धरला. १९८७ मध्ये महापौर टॉम ब्रॅडली यांनी प्रकल्प मागे घेतला. अमेरिकेतल्या पर्यावरण न्यायाच्या चळवळीत हा लढा मैलाचा दगड मानतात. ही संघटना लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे ती या गोष्टीत परत येते आणि तेव्हा मळ्याच्या बाजूने नसते.

प्रकल्प गेला, जमीन शहराकडे पडून राहिली. पण संपादनाच्या हुकमात एक अट होती: दहा वर्षांच्या आत शहराने ही जागा सार्वजनिक कामासाठी किंवा घरांसाठी नव्हे तर दुसऱ्याच कशासाठी विकली, तर ती परत विकत घ्यायचा हक्क आधीच्या मालकाला राहील. कागदावरची ही एक ओळ. मळा लावणाऱ्यांपैकी किती जणांना ती ठाऊक होती देव जाणे.

परवाना

एप्रिल १९९२ मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस निर्दोष सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. दंगलीची सगळ्यात मोठी झळ साउथ सेंट्रललाच बसली. दुकानं जळाली, आधीच कमी असलेली किराणा-भाजीची दुकानं आणखी कमी झाली. या पार्श्वभूमीवर १९९४ मध्ये ही जमीन शहराच्याच बंदर विभागाकडे गेली आणि त्या विभागाने ती समोरच्याच बाजूला असलेल्या लॉस एंजेलिस रीजनल फूड बँकेला, म्हणजे गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेला, भाजीबागेसाठी वापरायला दिली.

दिली म्हणजे काय केलं, हे बघितलं पाहिजे. भाडेपट्टा केला नाही. मुदत ठरवली नाही. दिला तो कधीही मागे घेता येण्याजोगा परवाना, आणि तोही फूड बँकेच्या नावाने. प्रत्यक्ष कुदळ मारणाऱ्या कुटुंबांचं नाव त्यावर नव्हतंच. ती फूड बँकेच्या परवानगीने तिथे होती, फूड बँक बंदर विभागाच्या परवानगीने, आणि बंदर विभाग शहराचाच. तीन मजली परवानगी, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या हातात काहीच नाही.

यात कुणाचा कावा होता असं मला वाटत नाही. पडीक जागा, भुकेली वस्ती, मदतीला तयार संस्था आणि ‘तात्पुरतं’ म्हणून काम लगेच सुरू करून देणारा अधिकारी, असं सगळं जुळून आलं. शहरातल्या बहुतेक सामाईक बागा अशाच सुरू होतात. लांब मुदतीचा पट्टा मागितला असता तर वर्षभर फाइल फिरली असती आणि कदाचित नकारच आला असता. त्यामुळे १९९४ मध्ये परवान्यावर काम सुरू करणं चूक नव्हतं. चूक असेल तर ती पुढची नऊ वर्षं तोच परवाना तसाच चालू ठेवण्यात आहे.

मळ्यात काय होतं

हळूहळू तिथे सुमारे ३५० कुटुंबं आली. बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली, त्यांतली कितीतरी मूळनिवासी समाजांतली, गावाकडे शेती केलेली. चौदा एकरांना साडेतीनशेने भागलं तर वाट्याला १,७०० चौरस फुटांच्या आसपास जागा येते, म्हणजे दीड गुंठा. वाटा-रस्ते सोडले तर त्याहूनही कमी. प्रत्येक वाफ्याला जाळीचं कुंपण, कुंपणाला दार, दाराला कुलूप.

त्या दीड गुंठ्यात लोक काय लावत होते, यावरून त्यांच्या डोक्यात काय होतं ते कळतं. मका, त्याच्या ताटावर चढणारा घेवडा आणि खाली जमीन झाकून टाकणारा भोपळा, ही मेक्सिकोतली ‘मिल्पा’ची जुनी पद्धत तिथे होती. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात, तो मक्याला मिळतो. भोपळ्याच्या रुंद पानांमुळे तण वाढत नाही आणि ओल टिकते. शिवाय पापालो, एपासोते, चिपिलिन यांसारख्या पालेभाज्या, ज्या साध्या सुपरमार्केटात सहसा दिसत नाहीत. वेलावरचा चायोटे. ऊस, केळी, पेरू, अ‍ॅव्होकॅडो. डेव्हन पेन्या या मानववंशशास्त्रज्ञाने या मळ्याचा अभ्यास केला, त्यात शंभराहून अधिक जातींच्या वनस्पती भरल्या.

आणि जागोजागी नोपाल, म्हणजे फड्या निवडुंग. आपण तो बांधाला लावतो. मेक्सिकोत कोवळे फड भाजी म्हणून खातात. फड हाताच्या पंजाएवढा असतानाच कापायचा, मग सुरी आडवी धरून दोन्ही अंगांनी काट्यांचे डोळे खरवडून काढायचे, कड सोलायची आणि बारीक चिरायचा. चिरताना भेंडीसारखी तार सुटते. ती जाईपर्यंत उकळायचा किंवा तव्यावर परतायचा. एका झुडपावर घरापुरती भाजी वर्षातले बरेच महिने निघते, पाणी जवळजवळ लागत नाही. दीड गुंठ्याच्या हिशोबाने याहून फायद्याचं पीक नाही.

पण मला सगळ्यात बोलकी वाटतात ती झाडं. पेरू फळाला यायला तीन-चार वर्षं घेतो. बियांपासून लावलेला अ‍ॅव्होकॅडो तर आणखी कितीतरी वर्षं वाट बघायला लावतो. कधीही रद्द होऊ शकणाऱ्या परवान्याच्या जमिनीवर कुणी अ‍ॅव्होकॅडोची कोय पेरत असेल, तर त्याने एक तर कागद वाचलेला नाही, किंवा वाचूनही त्याच्या लेखी कागदापेक्षा वहिवाट मोठी आहे. शेतकऱ्याचा स्वभावच तो: कसतो त्याची जमीन. कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा स्वभाव मात्र तसा नाही. परवानगीने वापरलेल्या जागेवर वर्षं कितीही जावोत, हक्क तयार होत नाही. आणि सरकारी जमिनीवर तर वहिवाटीने मालकी मिळतच नाही.

आत सगळं गुण्यागोविंदाने चालत होतं असंही समजू नये. वाफे कुणाला द्यायचे, कुणाचे काढून घ्यायचे, निर्णय कोण घेणार यावरून आपसात वाद होते आणि लढ्याच्या काळात ते बाहेरही आले. साडेतीनशे कुटुंबं आणि कुंपणाचा प्रश्न म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण या वादांचा एक परिणाम गंभीर होता. जोवर परवाना फूड बँकेच्या नावाने होता तोवर मळेकऱ्यांची स्वतःची, कायद्याने बोलू शकेल अशी संघटनाच नव्हती. ‘साउथ सेंट्रल फार्मर्स फीडिंग फॅमिलीज’ हा गट उभा राहिला तो जमीन हातची जाते आहे हे कळल्यावर.

किंमत का चढली

एप्रिल २००२ मध्ये अलामेडा कॉरिडॉर सुरू झाला. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही दोन बंदरं शहराच्या मध्याजवळच्या रेल्वे-जाळ्याला जोडणारा वीस मैलांचा मालवाहू मार्ग, त्यातला निम्मा जमिनीखाली चर खणून नेलेला. तो अलामेडा रस्त्याच्या कडेनेच जातो. बंदरात उतरलेला आशियातला माल देशभर पाठवायचा तर या पट्ट्यात गोदाम असणं म्हणजे सोन्याची खाण. १९८७ मध्ये ज्या जमिनीकडे कुणी बघत नव्हतं, तिच्याकडे आता सगळे बघायला लागले.

मळ्यावर लिहिणारे या मुद्द्याला सहसा दोन ओळी देतात. मला तो कळीचा वाटतो. शहरातली भाजीबाग ज्या काळात तग धरते तो काळ म्हणजे जमिनीला भाव नसण्याचा काळ. भाव आला की बागेला तिची उपयुक्तता पुराव्याने मांडावी लागते, गोदामाला ती मांडावी लागत नाही. म्हणून कागद पक्का करायचा तो भाव पडलेला असतानाच. १९९४ ते २००१ या काळात बंदर विभागाकडे जाऊन पंधरा-वीस वर्षांचा पट्टा मागणं, किंवा नगर परिषदेकडून ती जागा उद्यान म्हणून आरक्षित करून घेणं शक्य झालंच असतं असं नाही. पण मागायची वेळ तीच होती. त्या काळात फूड बँकेला ती गरज वाटली नाही, मळेकऱ्यांची संघटना नव्हती, आणि शहराला तर मोकळा हातच हवा होता.

दरम्यान होरोविट्झ स्वस्थ बसलेला नव्हता. जमीन परत घेण्याबाबत शहराशी त्याची बोलणी झाली, ती परिषदेच्या मंजुरीपर्यंत पोचली नाहीत, आणि मग त्याने शहरावर दावा ठोकला. शहराने बचाव केला, पण २००३ मध्ये तडजोडीचा मार्ग धरला. खटल्यातली तडजोड म्हणून नगर परिषदेने तो विषय बंद बैठकीत घेतला. ठरलं असं: जमीन ५० लाख ५० हजार डॉलरला होरोविट्झला द्यायची; बदल्यात त्याने त्यातली २.६ एकर जागा सार्वजनिक फुटबॉल मैदानासाठी शहराला दान करायची.

आकडे जवळजवळ ठेवून बघा. १९८६ मध्ये मोबदला ४८ लाख. सतरा वर्षांनी, शेजारून मालवाहू रेल्वे गेल्यावर, विक्री ५०.५ लाखांना. त्यानंतर तीन वर्षांच्या आत मळेकऱ्यांना सांगितलेली किंमत १ कोटी ६३ लाख. शहराच्या वकिलांनी खटला हरण्याची भीती मोजली असणार, आणि ती भीती अगदीच पोकळ होती असं म्हणता येत नाही. संपादनाच्या हुकमातली अट खरीच होती. पण जमिनीवर रोज राबणाऱ्या साडेतीनशे कुटुंबांना न विचारता, सुनावणी न घेता तडजोड झाली. त्यांना बोलवायचं तर कोण म्हणून बोलवणार? कागदावर ती कुणीच नव्हती. परवान्याचा कच्चेपणा पहिल्यांदा नडला तो इथे, जागा रिकामी करण्याच्या नोटिशीच्याही आधी.

डिसेंबर २००३ मध्ये व्यवहार पुरा झाला. जानेवारी २००४ मध्ये नव्या, म्हणजे खरं तर जुन्याच मालकाची नोटीस आली: फेब्रुवारीअखेर जागा सोडा.

मैदान हवं असणारी माणसं

ज्या संघटनेने १९८७ मध्ये भट्टी अडवली, तिचा या वेळी मैदानाला पाठिंबा होता. मळ्याच्या समर्थकांनी या भूमिकेवर बरंच तोंडसुख घेतलं आणि त्यातून कृष्णवर्णीय विरुद्ध लॅटिनो असा विखार तयार झाला. मला ती भूमिका अनाकलनीय वाटत नाही. साउथ सेंट्रलमध्ये पोरांना खेळायला जागा नाही ही तक्रार जुनी आणि रास्त होती. भट्टी थांबवण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या लोकांना, त्याच जमिनीवर आपल्यालाही काही मिळावं असं वाटलं तर त्यात गैर काय? शिवाय मळ्याला कुंपण होतं आणि वाफ्यांना कुलपं. बाहेरून बघणाऱ्याला ती ‘सार्वजनिक’ जागा वाटत नव्हती. ती साडेतीनशे घरांची खासगी परसबाग वाटत होती.

सामाईक भाजीबागांचा हा कच्चा दुवा सगळीकडे सारखाच आहे. भाजी म्हटली की राखण आली, राखण म्हटली की कुलूप आलं, आणि कुलूप आलं की शेजारी विचारतो, ‘मग आमचं काय?’ चौदा एकरांतला एखादा एकर पहिल्यापासूनच सगळ्यांसाठी उघडा असता, पोरांना पळायला, म्हाताऱ्यांना बसायला, तर २००३ मध्ये बाजू घेणारे शेजारी मिळाले असते. चौदा एकरांत मैदान आणि मळा दोन्ही मावले असते. तसा प्रस्ताव वेळेवर मांडायला टेबलावर कुणी नव्हतं, हेच परत परत समोर येतं.

कोर्ट आणि वर्गणी

नोटीस आल्यावर मात्र मळेकरी जागे झाले आणि जोरात झाले. विक्री बेकायदा असल्याचा दावा दाखल झाला, मनाई हुकूम मिळाला, आणि त्या हुकमाच्या आधारावर मळा आणखी सवा वर्षाहून जास्त काळ टिकला. जून २००५ मध्ये अपील न्यायालयाने तो हुकूम उठवला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला. कायद्याच्या लढाईत खरी दमदार बाजू तेवढीच होती: विक्रीची पद्धत चुकली हे दाखवायचं. मळेकऱ्यांचा स्वतःचा हक्क असा मुद्दा मांडताच येत नव्हता, कारण हक्क नव्हता. दुसऱ्याच्या व्यवहारातली खोट काढून आपली जागा वाचवायची, ही नेहमीच दुबळी लढाई असते.

उरला पैसा. होरोविट्झने १ कोटी ६३ लाख डॉलर मागितले आणि मे २००६ पर्यंत मुदत दिली. ट्रस्ट फॉर पब्लिक लँड या जमिनी वाचवणाऱ्या संस्थेने निधी जमवायला घेतला. मुदत संपली तेव्हा निम्मी रक्कमही जमली नव्हती. मग झाडांवरची माणसं आली: गायिका जोन बाएझ, रेडवूडच्या झाडावर दोन वर्षं राहिलेली ज्युलिया बटरफ्लाय हिल, डॅरिल हॅना. मुक्काम ठोकले गेले, रात्रीची राखण सुरू झाली, कॅमेरे आले. जूनमध्ये अ‍ॅनेनबर्ग फाउंडेशन या देणगीदार संस्थेने मोठा हात दिला आणि मागितलेल्या रकमेएवढा प्रस्ताव तयार झाला. तोवर मालकाचं मन फिरलं होतं. मुदत संपली, हे एक कारण. दुसरं, लढ्यात आपल्यावर वैयक्तिक आणि ज्यूद्वेषी हल्ले झाले असा त्याचा आरोप होता. मळ्याच्या नेत्यांनी तो नाकारला. दहा कोटी डॉलर आणले तरी या गटाला जमीन विकणार नाही, अशा अर्थाचं तो जाहीरपणे बोलला.

इथे बहुतेक लिहिणाऱ्यांचा राग उफाळून येतो. मलाही तो माणूस आवडत नाही. पण खासगी मालकाने विकायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर असतं, आणि ज्याच्या मर्जीवर सगळं अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध लढा उभारावाच लागतो. लढ्याशिवाय पैसा उभा राहत नाही, आणि लढ्यामुळे मालक बिथरतो. या पेचातून मळेकऱ्यांनी कसं सुटायचं होतं, याचं चांगलं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

१३ जूनला बेदखली झाली. ५ जुलैला बुलडोझरने उरलेला मळा सपाट केला. नोपाल, पेरू, मका, सगळं एकाच ढिगात.

न्यूयॉर्कचं वेगळं काय झालं

तुलनेसाठी सात वर्षं मागे जाऊ. १९९९ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर रुडी जुलियानी यांनी शहराच्या मालकीच्या शंभरावर सामूहिक बागा लिलावात काढल्या. तिथेही बागा कच्च्या परवान्यांवरच होत्या, तिथेही माणसं रस्त्यावर उतरली. पण लिलावाच्या तोंडावर ट्रस्ट फॉर पब्लिक लँड आणि बेट मिडलर या गायिकेने सुरू केलेला न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट यांनी मिळून सुमारे ४२ लाख डॉलरला त्या बागा विकत घेतल्या. बाकीच्या बागांसाठी राज्याच्या महाधिवक्त्याने शहरावर दावा लावला, आणि २००२ मध्ये नव्या महापौरांच्या काळात तडजोड होऊन शेकडो बागांना संरक्षण मिळालं.

शंभरावर बागा ४२ लाखांना आणि एक मळा १ कोटी ६३ लाखांना. संस्था तीच, आंदोलनाचा जोर तसाच, नामवंत मंडळीही तशीच. फरक इतकाच की न्यूयॉर्कमध्ये खरेदीच्या दिवशी जमीन अजून शहराची होती. शहराला निवडणूक लढवायची असते, शहरावर दावा लावता येतो, शहराचा महापौर बदलतो. लॉस एंजेलिसमध्ये वर्गणी सुरू झाली तेव्हा विकणारा एकटा माणूस होता आणि त्याला कुणाची मतं नको होती. २००३ च्या आधी कितीतरी कमी पैशांत जे काम झालं असतं कदाचित, ते २००६ मध्ये मागितलेली सगळी रक्कम उभी करूनही होईना.

इंग्लंडची गोष्ट आणखी निराळी. तिथे १९०८ च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर नागरिकांना भाजीच्या वाफ्यांसाठी जमीन पुरवण्याची जबाबदारी टाकली, आणि १९२५ च्या कायद्याने अशा कामासाठी घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीशिवाय विकायला बंदी केली. तिथेही वाफे जातात, भांडणं होतात, पण निदान विकणाऱ्याला वर जाऊन कारण सांगावं लागतं. साउथ सेंट्रलमध्ये ते बंद बैठकीत सांगितलं गेलं.

नंतर

गोदाम लगेच उभं राहिलं नाही. ज्या घाईने मळा उखडला त्या घाईने तिथे काहीच झालं नाही. जमीन कित्येक वर्षं कुंपणाआड ओसाड पडून होती. आणि ते मैदान? २०११ मध्ये नगर परिषदेने २.६ एकर जागेवरचा हक्क सोडून त्याऐवजी सुमारे ३६ लाख डॉलर घ्यायला मान्यता दिली. म्हणजे ज्या मैदानाच्या नावाखाली २००३ ची तडजोड लोकांना पटवून दिली गेली, तेही त्या जागी झालं नाही. मैदानासाठी भांडलेल्यांचीही त्यात फसगत झाली, आणि मळेवाले-मैदानवाले यांनी एकमेकांवर काढलेला राग फुकटच गेला.

मळेकऱ्यांतल्या काहींनी शंभराहून अधिक मैल उत्तरेला, कर्न काउंटीत ऐंशी एकर शेत धरलं आणि सहकारी संस्था करून शहरातल्या गिऱ्हाइकांना भाजीच्या पेट्या पोचवायला सुरुवात केली. धंदा म्हणून ते उत्तम. पण कामावरून सुटल्यावर मुलांना घेऊन पायी जाण्याच्या अंतरावरचा मळा तो नव्हे.

२०१३ मध्ये कॅलिफोर्निया विधिमंडळाने शहरी शेतीसाठी कायदा केला: मालकाने आपली मोकळी जागा किमान पाच वर्षं शेतीला देण्याचा करार केला तर त्याला मालमत्ता करात सवलत. चांगला विचार आहे. परवान्याऐवजी मुदतीचा करार, आणि मालकालाही त्यात काहीतरी मिळतं. पण जागेची मर्यादा तीन एकरांपर्यंत. चौदा एकरांचा मळा त्यात बसलाच नसता, आणि गोदामाच्या वाढत्या भाड्यापुढे करातली सूट किती टिकली असती हेही सांगता येत नाही.

बाकीच्या काही कुटुंबांना दक्षिणेला वॉट्स भागात, स्टॅनफर्ड-अ‍ॅव्हलॉन बागेत वाफे मिळाले. लांबट, चिंचोळी जागा. मालकी शहराच्या पाणी आणि वीज खात्याची, कारण वरून उच्च दाबाच्या तारा जातात. तिथे गोदाम बांधता येत नाही, घरं बांधता येत नाहीत, उंच झाडं लावायलाही मनाई. नोपाल, मका आणि पापालो मात्र लावता येतात, आणि लोक ते लावतात. अ‍ॅव्होकॅडो नाही.